आत्याचा देवाशी अबोला

माझी आत्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात एकतीस वर्षं कामाला होती. त्यातली शेवटची अठरा वर्षं ती तिथली मुकादम होती. तिला सगळे 'कडकबाई' म्हणत. तिच्या हाताखालून गेलेला डॉक्टरांचा कोट खुंटीला न अडकवता नुसता कोपऱ्यात ठेवला तरी उभा राहील अशी खळ ती चढवायची, म्हणून ते नाव पडलं, असं ती सांगे. स्वभावाचा त्यात काही संबंध नाही, असंही सांगे, आणि सांगताना समोरच्याकडे असं काही बघे की तो बिचारा लगेच हो म्हणून मोकळा होई.

धुलाईघर हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होतं. उंच छताची लांबच लांब खोली आणि तिच्या मधोमध एक भिंत. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे धुतली बाजू. मळकी बोचकी एका खिडकीतून आत यायची. उकळून, धुऊन, पिळून, गरम रोलरखालून निघालेले कपडे दुसऱ्या खिडकीतून वॉर्डात परत जायचे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने वॉर्डाचा नंबर शिवलेला असे. शनिवारी शाळा लवकर सुटली की आई मला घेऊन तिथे जायची. मळक्या बाजूला पाऊल टाकायची मला सक्त मनाई होती. पण धुतल्या बाजूला गरम चादरींच्या ढिगाला पाठ लावून मी बसायची, आणि आजही कुठे ताज्या इस्त्रीचा वास आला की मी क्षणभर नऊ वर्षांची होते.

आत्याला चादरी वाचता यायच्या. एखादी चादर उलगडून ती म्हणे, "हा आता बरा होतोय."

"तुला कसं कळलं?"

"पायाकडची बाजू बघ, कशी चोळामोळा झालीये. पडून पडून कंटाळलाय. उद्या-परवा घरी सोडा म्हणून भांडायला लागेल."

आतोबा त्याच हॉस्पिटलात बॉयलरवर होते. आत्याची वाफ आतोबांच्या भट्टीतून यायची. दोघांच्या खोल्यांमध्ये एक जाड नळ होता, आणि वाफ कमी पडली की आत्या त्या नळावर लाकडी दांडक्याने दोनदा ठोकायची. "लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण ह्यांना आवाज द्यायला मला अजून दांडकं लागतं," असं ती म्हणायची. आतोबा नुसते हसायचे. फार मऊ माणूस. रविवारी ते चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवत, आणि इतकी सावकाश वाजवत की सगळी मंडळी गीत संपवून बसायला लागली तरी आतोबांचं शेवटचं कडवं चालूच. पाळकसाहेब बिचारे हात जोडून थांबून राहायचे.

दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यांची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत खिडकीला लागून जेवायचं टेबल, आणि त्यावर चष्म्याच्या डबीशेजारी जुनं झालेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. कामावर निघायच्या आधी दोघं त्या टेबलाशी उभ्या उभ्या प्रार्थना करत. उभ्या उभ्या का, तर आतोबा बसले की पुन्हा डोळा लागायचा.

मग ती साथ आली.

तापाची साथ होती. पहिल्या आठवड्यात लोक तिला हसण्यावारी नेत होते. दुसऱ्या आठवड्यात शाळा बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात चर्चच्या दाराला कुलूप लागलं, आणि हॉस्पिटलचा पूर्वेकडचा सबंध मजला तापाच्या रोग्यांसाठी रिकामा केला गेला. तिथे नातेवाइकांना सोडत नसत. धुलाईघरात रोज तिप्पट बोचकी यायला लागली. आत्याच्या हाताखाली अकरा बायका होत्या. एका सोमवारी त्यांतल्या चौघी आल्या नाहीत, गुरुवारी आणखी तिघी. आत्याने कोणाला नावं ठेवली नाहीत. "लेकुरवाळ्या आहेत, घाबरणारच," म्हणाली.

"आणि तू?" बाबांनी तिला विचारलं. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते आमच्या दारात उभे होते आणि ती रस्त्यावर. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांनी कोणाच्या घरात जाऊ नये असा तेव्हा दंडक होता.

"मी काय?"

"ताई, तुला भीती नाही वाटत?"

"वेडा आहेस का? प्रत्येक बोचकं सोडताना वाटते. पण चादरी न धुता पुढच्या रोग्याला झोपवायचं कशावर?"

पुढे पुष्कळ वर्षांनी तिने मला त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली. मळक्या बाजूच्या दाराशी ती रोज सकाळी थांबायची, तोंडावर फडकं बांधायची आणि आत पाऊल टाकायच्या आधी एकच मागणं मागायची: हे माझ्या घरात येऊ देऊ नकोस. मला झालं तर होऊ दे, पण ह्यांना नको. संध्याकाळी घरी जायच्या आधी कोपरापर्यंत हात जंतुनाशकात बुडवायची. कातडी सोलवटून निघाली होती. घरी गेल्यावर लुगडं बाहेरच्या मोरीत भिजवायची, आणि मगच आतोबांच्या समोर यायची. इतकं सगळं केलं, असं ती म्हणायची. इतकं सगळं.

पाचव्या आठवड्यात आतोबांना ताप भरला. चालत हॉस्पिटलात गेले. बॉयलरवरच्या सोबत्याला भट्टी कशी सांभाळायची ते समजावलं, आणि स्वतःच जिना चढून पूर्वेकडच्या मजल्यावर जाऊन निजले.

आत्या जिन्याच्या खाली उभी राहिली. वर सोडणार नाहीत हे तिला माहीत होतं. कारण तो नियम मोडू नका म्हणून तिने स्वतःच गेल्या महिन्यात दहा जणींना सांगितलं होतं. तिथे एक तरुण नर्स होती. चेहऱ्यावर वांगाचे डाग असलेली, भराभर बोलणारी. ती खाली येऊन म्हणाली, "बाई, निरोप देता येणार नाही मला रोज. वर श्वास घ्यायला उसंत नाही. पण त्यांची चादर रोज तुमच्याकडेच येणार ना? मी तिच्या कोपऱ्याला गाठ मारून पाठवते. तुम्ही ओळखा."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेआठला पूर्वेकडची बोचकी आली की आत्या ती एकेक सोडायची आणि गाठीची चादर शोधायची. पहिले तीन दिवस चादर घामाने चिंब होती. चौथ्या दिवशीही तशीच, आणि अभ्र्यावर नाकातून आलेल्या रक्ताचे दोन थेंब. पाचव्या दिवशी चादर मधोमध चुरगळलेली होती, म्हणजे तळमळ होती. आणि सहाव्या दिवशी जवळजवळ कोरडी, आणि तिच्यावर चहाचा मोठा डाग!

धुलाईघरात उरलेल्या चार बायकांनी ती हकिगत मला वेगवेगळ्या वेळी सांगितली आहे. कडकबाई चादर हातात घेऊन अंगणात धावत गेली आणि हसत ओरडली, "अगं, ह्यांनी चहा सांडला! बसून चहा प्यायलेत! आणि सांडला!" त्या दिवशी तिने तो डाग काढायच्या आधी चादर थोडा वेळ तशीच टेबलावर पसरून ठेवली. मग टाचा उंच करून वरच्या खिडक्यांकडे बघितलं. दिसलं काही नाही.

सातवा, आठवा, नववा दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी चादर पुन्हा चिंब. गाठ होती, पण नेहमीसारखी नव्हती, असं आत्याला वाटलं. रोजची गाठ सैल आणि बोजड असे. ही घट्ट आणि लहान होती. तिने त्याचा फार विचार केला नाही.

अकराव्या दिवशी बोचकं आलं त्यात चादर होती, अभ्रा होता, गादीची खोळ होती आणि कांबळं होतं. सगळं एकत्र. चादरीच्या कोपऱ्याला गाठ. खाट रिकामी केली की कपडे असे एकत्र येतात. हे आत्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ती तशीच उभी राहिली. अर्ध्या तासाने मेट्रन स्वतः खाली आल्या, दारात घुटमळल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "कळलं मला."

शेजारच्या बाईने तिच्या हातातून बोचकं घ्यायला हात पुढे केला. "आण इकडे. मी टाकते."

"नको. त्यांचं मीच धुते. पंधरा वर्षं मीच धुतेय."

बाबा पाळकसाहेबांना बोलवायला गेले. दार वाजवलं. दार उघडलं नाही. बऱ्याच वेळाने वरच्या खिडकीत पाळकीणबाई आल्या. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडेना. "त्यांना बरं नाही," एवढंच म्हणाल्या. बाबांना त्याच खिडकीच्या पडद्यामागे पाळकसाहेब उभे दिसले. चांगले धडधाकट.

दफनाला दोनच माणसांना परवानगी होती, आत्या आणि बाबा. तिसरा माणूस म्हणजे खड्डा खणणारा म्हातारा. बाबांनी प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. दर रविवारी सगळे मिळून म्हणतात तीच, लहानपणापासून पाठ असलेली. तीन ओळी म्हणाले आणि पुढचं काही केल्या आठवेना. तेव्हा तो खड्डा खणणारा म्हातारा फावड्यावर हात ठेवून पुढची ओळ म्हणाला. तो काही चर्चला जाणारा माणूस नव्हता, पण चाळीस वर्षं तिथे उभा राहून ऐकत आला होता. बाबांनी त्याच्या मागून मागून प्रार्थना पुरी केली.

आत्याचं तोंड मिटलेलं होतं.

"ताई, आमेन तरी म्हण," बाबा हळूच म्हणाले.

"माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे," आत्या म्हणाली.

असा तो अबोला सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. लोकांना वाटलं, बाई दगडाची आहे. पण घरी बसली असती तर तिला एकच विचार करावा लागला असता, आणि तो ती तसाही करतच होती. ताप त्यांना कुठून लागला? बॉयलरवरच्या सोबत्याकडून? की तिच्याच बाहीवरून, तिच्याच पदराच्या एखाद्या घडीतून? देवाने ऐकलं नाही, की ऐकलं आणि नाही म्हणाला, की ऐकायला तिथे कोणी नव्हतंच? ती मला म्हणाली होती, "हे तीन प्रश्न माझ्याबरोबर रोलरवर उभे असायचे. मी चादर सोडली की एक, पुढची सोडली की दुसरा."

साथ ओसरायला आणखी दोन महिने लागले. एका गुरुवारी दुपारी पाळकसाहेब धुलाईघराच्या खिडकीशी आले. ते वाळले होते. टोपी हातात धरून ते तिथेच उभे राहिले. आत्या चादरींच्या घड्या घालत होती. एकटीच, कारण गेलेल्या सातजणी अजून परतल्या नव्हत्या आणि उरलेल्या चौघी रोलरवर होत्या. आणि मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट बसत नाही.

"बाई," ते म्हणाले, "मी आजारी नव्हतो."

"माहीत आहे."

"मी घाबरलो होतो. दाराची कडी हातात धरून उभा होतो, पण काढता आली नाही. तुम्हाला काय वाटेल ते बोला."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. "बोलून काय करू? आत या. हात धुवा आधी, तिथे साबण आहे. आणि हे टोक धरा."

पाळकसाहेबांनी टोक धरलं. त्यांना घडी घालता येत नव्हती. आत्याने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा ओरडली. "अहो, टोकाला टोक! तुमच्या प्रवचनासारखं भलतीकडे नका नेऊ!" मागून कोणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत चादर होती.

त्यानंतर ते दर गुरुवारी यायला लागले. तासभर घड्या घालायचे. एकदा आत्याने त्यांना विचारलं, "मी रोज मागत होते. एकच गोष्ट. ती त्याने ऐकली नाही का?"

पाळकसाहेबांनी हातातलं टोक खाली केलं. "मला माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही, मग कोणाला विचारू?"

"बाई, पाच वर्षं शिकलो, वीस वर्षं शिकवलं. लोकांना सांगत आलो की भिऊ नका. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी पडद्यामागे होतो. मला खरंच माहीत नाही. फक्त एक सांगतो. त्या दिवसानंतर मलाही प्रार्थना करवत नव्हती. लाज वाटायची. इथे आल्यापासून थोडी थोडी जमते."

"मग माझ्या वाटची पण तुम्हीच करा," आत्या म्हणाली. "मी काही इतक्यात बोलणार नाही."

चर्च पुन्हा उघडलं. पहिल्या रविवारी निम्मी बाकं रिकामी होती. काही जण साथीत गेले होते, काही जण पाळकसाहेबांवर रागावून येत नव्हते. आत्या गेली. शेवटच्या बाकावर बसली. पेटी बंदच होती, तिच्यावर कापड टाकलेलं. गीत सुरू झालं, आत्याचे ओठ हलले नाहीत. प्रार्थनेला सगळे उभे राहिले, ती उभी राहिली, पण गप्प. मी तिच्या शेजारी होते. सगळ्यांच्या आवाजात एका माणसाचं गप्प बसणं किती मोठं ऐकू येतं, ते मला तेव्हा कळलं.

मंडळीत कुजबुज व्हायला लागली. एका बाईंनी तिला गाठून विचारलंच, "विश्वास उरला नाही, तर येता कशाला?"

आत्या म्हणाली, "भांडण झालं म्हणून मी घर सोडून गेलेले नाही. बोलत नाही, एवढंच."

त्या बाई पुन्हा काही विचारायला आल्या नाहीत. पण हे उत्तर वाटतं तितकं सोपं नव्हतं. बाबांना तिने एकदा सांगितलं होतं की काही रविवारी ती चर्चच्या कोपऱ्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. पुन्हा यायची. एकदा तर तीन फेऱ्या झाल्या. समोरचा चप्पल शिवणारा म्हणाला, "बाई, काही हरवलंय का?" आत्या म्हणाली, "हो." आणि आत गेली.

दीड-पावणेदोन वर्षं अशी गेली. धुलाईघरात बायका परत आल्या, नव्या लागल्या. पाळकसाहेबांवर रागावलेले लोकही एकेक करून परतले, कारण पाळकसाहेबांनी एका रविवारी उभं राहून पडद्यामागची हकिगत सगळ्यांसमोर सांगून टाकली. तेव्हापासून त्यांची प्रवचनं छोटी झाली, हा मंडळीला मिळालेला वेगळाच आशीर्वाद, असं आत्या म्हणे. घड्या मात्र त्यांना शेवटपर्यंत धड जमल्या नाहीत.

ती वांगाचे डाग असलेली नर्स साथ संपताच दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात बदलून गेली होती. एका सकाळी ती अचानक धुलाईघराच्या दारात उभी राहिली. जुन्या मैत्रिणीच्या लग्नाला आली होती, परत जायच्या आधी भेटून जावं म्हणून आली. आत्याने तिला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मग आत्या म्हणाली, "तू त्या गाठी मारून पाठवायचीस, त्यांनी मला दहा दिवस जगवलं. तुझे आभार मानायचे राहून गेले."

नर्सने कप खाली ठेवला. "मी नाही मारायचे गाठी. म्हणजे, पहिल्या दिवशी मी मारली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, हे काय करतेस? मी सांगितलं, तुमच्या बायकोसाठी. तर म्हणाले, मग मला दे, ते माझं काम आहे. तेव्हापासून रोज तेच मारायचे. बोटांत जोर नव्हता. पाच-पाच मिनिटं लागायची. मी घाईत असायचे, म्हणायचे, काका, आटपा. तर म्हणायचे, थांब गं, गाठ मारता मारता तिच्यासाठी दोन शब्द बोलतोय."

"काय बोलायचे?" आत्याने विचारलं.

"रोज एकच. तिची भीती जाऊ दे. आणि हे तिच्यामुळे झालं असं तिला वाटू देऊ नकोस." नर्स थांबली. "शेवटच्या दोन गाठी माझ्या. त्यांचे हात उचलत नव्हते. पण दोन्ही वेळा ओठ हलले, तेव्हाच मी मारली. मला वाटायचं तुम्हाला हे माहीत असेल. मी तुम्हाला पत्र लिहायला हवं होतं."

आत्या उठली. नर्सला दारापर्यंत सोडायला गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, परत आली आणि रोलरपाशी उभी राहिली. यंत्राची घरघर चालू होती. तिथल्या बायका सांगतात की बाईंनी एक चादर रोलरखाली सारली, मग छताकडे बघितलं, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढं सांगायला तुला दोन वर्षं लागली?"

बायकांना वाटलं, आपल्यापैकीच कोणाला तरी ओरडतेय. सगळ्या जागच्या जागी थबकल्या.

"तुम्हाला नाही गं," आत्या म्हणाली. "तुम्ही कामं करा."

मग ती त्या सबंध दुपारभर बोलत राहिली. रोलरच्या आवाजात कोणाला नीट ऐकू आलं नाही, पण भांडतेय एवढं कळत होतं. मध्येच रडली, मध्येच थांबून एकीला चादर सरळ लाव म्हणून सांगितलं, पुन्हा सुरू झाली. पुढच्या रविवारी प्रार्थनेला उभी राहिली तेव्हा तिचा आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. पाळकसाहेबांना पुढच्या दोन ओळी आठवेनात.

यानंतर तिचे सगळे प्रश्न सुटले, असं सांगितलं तर आत्याच मला रागावेल. ते तीन प्रश्न तसेच होते. मी मोठी झाल्यावर, माझ्या पहिल्या बाळंतपणात गुंतागुंत झाली तेव्हा, मला फार भीती वाटायची आणि प्रार्थनेवरचा माझाही विश्वास डळमळायला लागला होता. ती माझ्या खाटेशी बसून होती. मी विचारलं, "आत्या, तुला आता शंका येत नाही का गं?"

"येते की. गेल्या आठवड्यात आली होती."

"मग काय करतेस?"

"त्यालाच सांगते. म्हणते, आज मला वाटतंय की तू नाहीस. ऐकतोयस ना?" मग ती उठली, माझ्या अंगाखालची चादर एका हिसक्यात ताणून सरळ केली, आणि नर्सकडे बघून म्हणाली, "ही कोणी धुतली? नीळ जास्त झालीये."

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली; मीही तेव्हा मुलांसह आई-बाबांकडेच होते. तिचं घरात येणं म्हणजे आमच्या सकाळच्या झोपेचं जाणं. पहाट सरता सरता ती स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायची आणि मोठ्याने प्रार्थना सुरू करायची. एकतीस वर्षं यंत्रांच्या घरघरीत काढल्यामुळे तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं. सगळ्यांची यादी असायची. बाबांचे गुडघे, आईचं डोकं, माझी मुलं, धुलाईघरातल्या नव्या जुन्या बायका, म्हातारे झालेले पाळकसाहेब, बदलून गेलेली ती नर्स. मध्येच एखादी तक्रार, एखादा टोमणा. आई एकदा धीर करून म्हणाली, "वन्सं, जरा हळू नाही का चालणार? देवाला ऐकू येतं हो."

"त्याला येतं," आत्या म्हणाली. "पण मी खरंच बोलले, हे मला ऐकू यायला नको का?"

आमच्या खालच्या मजल्यावर एक एकटे गृहस्थ राहत, छापखान्यात खिळे जुळवणारे. त्यांना जुनाट खोकला होता. त्यांची नाराजी ते जिन्यात भेटले की आम्हाला कळायची. "तुमच्या बाईंचा देव कुठे राहतो? फार लांब का?" असं ते विचारायचे. आत्याने त्यांनाही यादीत घातलं. रोज सकाळी छतातून त्यांना स्पष्ट ऐकू जायचं: "आणि खालच्या खोकल्याला उतार पडू दे."

आत्या एका मंगळवारी सकाळी गेली. न्याहारी झाली होती, बाहेर जायचं म्हणून वेणी घालून बसली होती. डोळे मिटले ते मिटलेच. दफनाला धुलाईघरातल्या बायका तर आल्याच, शिवाय नर्सांच्या तीन रांगा होत्या, सगळ्या कडक खळीच्या टोप्या घातलेल्या. चर्चमध्ये जागा पुरली नाही, मंडळीच्या वडीलजनांनी बाहेरून बाकं आणवली. थकलेले पाळकसाहेब काठी टेकत आले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनीच सगळं केलं. कोणी मदतीला पुढे झालं की नको म्हणायचे.

त्यानंतर आठवडाभर घर कसंसंच वाटत होतं. पहाटे जाग यायची आणि आम्ही सगळे आपापल्या खोलीत गप्प पडून असायचो. आठव्या दिवशी सकाळी दार वाजलं. खालचे गृहस्थ उभे होते.

"दोन दिवस कामावर उशीर झाला मला," ते म्हणाले.

आईला वाटलं, हे काहीतरी तक्रार घेऊन आले. "तुमच्याकडे घड्याळ नाही का?"

"घड्याळ आहे हो. पण ते माझ्या खोकल्याची चौकशी करत नाही."

आईने त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. ते दोन्ही हातांनी कप धरून बसून राहिले. मग बाबांकडे बघत म्हणाले की खोकला तर दीड वर्षापूर्वीच गेला.

"मग सांगितलं का नाही तिला?" बाबांनी विचारलं. "किती खूश झाली असती."

"कसं सांगणार?" ते म्हणाले. "यादीतून काढून टाकलं असतं ना मला."